नोट्समध्ये शोधायचं तर... वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हॉस्पिटलच्या नोंदी संशोधनाला कशा वापरतात यावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की खरी माहिती कोडमध्ये (म्हणजे आजारांना दिलेल्या आयसीडीसारख्या ठरलेल्या क्रमांकांत) कमी आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुरात जास्त असते. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. निम्मी डॉक्टरांची, निम्मी सॉफ्टवेअरवाल्यांची, आणि दोन्हीकडचा सूर एकमेकांवर थोडा चिडलेलाच, वाचून हसू आलं. म्हणून यावेळी फक्त हाच विषय घेतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं जरा कापलीत.

प्रश्न: मी रेसिडेंट आहे, थिसिस चालू आहे. आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक ॲडमिशनला आयसीडी कोड असतोच, त्यावरून पेशंटची यादी पाच मिनिटांत निघते. मग नोट्समध्ये शोधायचं वेगळं सॉफ्टवेअर हवंच कशाला? गाईड उगाच मागे लागलेत असं वाटतं.

उगाच नाही लागलेत. कोड मुळात बिलं आणि आकडेवारीसाठी टाकले जातात, तुमच्या थिसिससाठी नाही. समजा तुम्हाला झोपेतून उठल्यावर लक्षात आलेल्या स्ट्रोकवर काम करायचंय. आय६३ हा कोड सांगतो की मेंदूला रक्तपुरवठा कमी पडून स्ट्रोक झाला, बस. कधी सुरू झाला, रात्री झोपताना माणूस ठीक होता का, हे कोडला माहीतच नाही. ते कुठं असतं, तर इमर्जन्सीतल्या ज्युनिअरने घाईघाईत लिहिलेल्या ओळीत, 'वोक अप विथ राइट साइडेड वीकनेस, लास्ट सीन नॉर्मल ॲट इलेव्हन पीएम'. दुसऱ्याने तेच लिहिलेलं असतं 'फाउंड बाय वाइफ इन द मॉर्निंग, नॉट एबल टू स्पीक'. दोन्ही तुमच्याच कामाचे पेशंट, पण दोन वाक्यांत एकही शब्द सामायिक नाही.

औषध का बंद केलं, सिगारेट ओढतो की ओढायचा, साइड इफेक्ट आला तेव्हा पेशंट नेमकं काय म्हणाला, हे सगळं मजकुरातच असतं. पण म्हणून कोड फेकून देऊ नका हं. कोड, वय, तारखा आणि लॅबचे रिपोर्ट वापरून आधी ढीग लहान करायचा आणि मग मजकुरात शिरायचं, हाच शहाणपणाचा रस्ता. फक्त ढीग इतका लहान करू नका की चुकीचा कोड पडलेले पेशंट आधीच बाहेर राहतील, कारण चुकीचे कोड पडतात, भरपूर पडतात.

प्रश्न: मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. एका रिसर्च ग्रुपसाठी सोलर या सर्च सॉफ्टवेअरवर सर्च बांधून दिला, नोट्स इंडेक्स केल्या, स्पीड मस्त आहे. पण डॉक्टर म्हणतात काहीतरीच रिझल्ट येतात, काही शब्दांना तर शून्य येतं. डेटाच खराब आहे असं माझं मत. तुमचं?

माझं मत, आधी ॲनालायझरची, म्हणजे मजकूर तोडून इंडेक्समध्ये घालणाऱ्या भागाची, सेटिंग उघडून बघा, डेटाला शिव्या नंतर देऊ. सोलरच्या पोटात लुसीन ही सर्चची लायब्ररी आहे हे तुम्हाला माहितीच आहे, डग कटिंगने १९९९ मध्ये लिहिलेली. तिच्यासोबत इंग्लिश स्टॉप वर्डची जी जुनी यादी येते ती ३३ शब्दांची आहे, म्हणजे जे शब्द 'बिनकामाचे' म्हणून इंडेक्समध्ये घेतच नाहीत. लेख, वेबसाइट, बातम्या यांना ती चालते. आता त्या यादीत काय काय आहे बघा. नो आहे. नॉट आहे. म्हणजे 'नो फीवर' आणि 'फीवर' तुमच्या इंडेक्सला एकच दिसतंय! यादीत ॲज, इट, ऑर हेही आहेत, आणि तुमचा ॲनालायझर आधी सगळी अक्षरं स्मॉल करत असेल तर एओर्टिक स्टेनोसिससाठी लिहिलेलं ए-एस, पाठीच्या कण्यातून दिलेल्या इंजेक्शनसाठी लिहिलेलं आय-टी आणि ऑपरेशन रूमचं ओ-आर ही तिन्ही शॉर्टफॉर्म त्या यादीत अडकून गायब होतात. डॉक्टरांना शून्य रिझल्ट येतायत ते बहुतेक इथेच. यादी रिकामी करा, इंडेक्स थोडा फुगेल, फुगू दे.

दुसरं, सगळं स्मॉल करणं. तीन कॅपिटल अक्षरं ए-एल-एल म्हणजे लहान मुलांमध्ये जास्त दिसणारा रक्ताचा कॅन्सर, आणि स्मॉलमध्ये तोच 'ऑल', म्हणजे सगळे. एकदा फरक पुसला की कॅन्सरचा तरुण संशोधक ज्याच्या नोटमध्ये 'ऑल लिम्ब्ज मूव्हिंग' लिहिलंय तो प्रत्येक पेशंट बघत बसणार. एड्सचंही तेच. त्यात स्टेमिंग चालू असेल, म्हणजे शब्दाचं शेपूट कापून मूळ काढणं, तर 'हिअरिंग एड' म्हणजे कानाची मशीन घातलेले सगळे आजोबा एड्सच्या यादीत. स्टेमिंगची मार्टिन पोर्टरची १९८० ची पद्धत अजून सर्रास वापरतात आणि ती ऑर्गनायझेशन या शब्दाचं ऑर्गन करून टाकते, मेडिकल मजकुरात हे काय गोंधळ घालेल तुम्हीच विचार करा.

तिसरं, शब्द तोडणं. स्तनाच्या कॅन्सरमधला एचईआर२ कुणी सलग लिहितो, कुणी मध्ये डॅश देतो, कुणी जागा सोडतो, कुणी पुढे स्लॅश देऊन न्यू लावतो. डॅशवर तोडलं की उरतं 'हर' आणि '२', म्हणजे तिचा आणि दोन. 'सी/ओ' (तक्रार), 'एच/ओ' (आधीचा आजार), 'डब्ल्यू/ओ' ही स्लॅशवाली मंडळी तर नोटच्या प्रत्येक ओळीत असतात, आणि डब्ल्यू/ओ म्हणजे 'शिवाय', तो तुटला की अर्थ उलटा.

उपाय फार अवघड नाही. एकच मजकूर दोन फील्डमध्ये इंडेक्स करा, एक जसाच्या तसा, कॅपिटल-स्मॉल सांभाळून, स्टेमिंग न करता, आणि दुसरा सैल. शोधणाऱ्याला निवडू द्या. मिशिगन विद्यापीठात २००५ पासून एमर्स नावाचं याच कामाचं सॉफ्टवेअर वापरात आहे, तेही लुसीन-सोलरवरच उभं आहे, त्यात हा कॅपिटलचा फरक ठेवून शोधायची सोय मुद्दाम केलेली आहे. ते संशोधनासाठी खुलं आहे, त्यामुळे शून्यापासून बांधायच्या आधी एकदा ते बघाच. आणि शॉर्टफॉर्मचं काय करायचं, एम-एस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मायट्रल स्टेनोसिस की मॉर्फिन सल्फेट, हे मशीनने परस्पर ठरवू नये असं मला ठाम वाटतं. न्यूरॉलॉजीच्या नोट्स की कार्डिओलॉजीच्या, एवढं फिल्टर दिलं तरी निम्मा गुंता सुटतो.

प्रश्न: 'नाही' कसं पकडायचं? 'डायबेटिस' शोधलं की ज्यांना डायबेटिस नाही असे लोकच जास्त येतात.

हा प्रश्न कमीत कमी आठ-दहा पत्रांत आहे. एक नमुना ओळ घेऊ, अशा ओळी कुठल्याही हॉस्पिटलात सापडतील:

'नो एच/ओ डीएम, एचटीएन. डिनाइज सीपी, एसओबी. मदर: ब्रेस्ट सीए. आर/ओ पीई.'

म्हणजे डायबेटिस नाही, बीपी नाही, छातीत दुखत नाही, दम लागत नाही, आईला स्तनाचा कॅन्सर होता, आणि फुप्फुसात गुठळी आहे का ते तपासून बघा. साधा सर्च हा पेशंट सहा वेगवेगळ्या संशोधनांत घालेल आणि बिचाऱ्याला यातलं एकही नक्की नाहीये.

यावरचा सगळ्यात जुना आणि अजून टिकलेला तोडगा म्हणजे नेगएक्स, पिट्सबर्गमध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलेला. कल्पना इतकी साधी आहे की वाचल्यावर वाटतं हे मीही केलं असतं. नकाराच्या शब्दांची एक यादी, नो, डिनाइज, विदाउट, नो एव्हिडन्स ऑफ वगैरे, आणि त्यांच्यापासून पाच शब्दांच्या आत एखादा आजार किंवा लक्षण आलं की त्याला नकाराची खूण. काही शब्द आजाराच्या नंतर येतात, 'पीई रूल्ड आउट' सारखे, त्यांची वेगळी यादी. आणि काही नुसते नकारासारखे दिसतात, 'नो इन्क्रीज इन', 'नॉट ओन्ली', त्यांना वगळायची तिसरी यादी. त्यांच्या पहिल्या चाचणीत स्पेसिफिसिटी ९४.५ टक्के आली आणि सेन्सिटिव्हिटी ७८ च्या जवळपास, म्हणजे जिथे नकार नाही तिथे चुकून खूण फारशी लागत नाही, पण पाचातला एखादा नकार हातातून सुटतो. नंतर त्याच मंडळींनी कॉन्टेक्स्ट नावाचं वाढीव रूप काढलं, त्यात हे पेशंटबद्दल आहे की नातेवाइकांबद्दल, आताचं की जुनं, झालेलं की 'झालं तर परत या' असं, हेही बघतात. वरच्या ओळीतली आई त्यात पकडली जाते.

आता माझं एक म्हणणं. पाच शब्दांचा नियम लांब याद्यांना कमी पडतो. 'नो' लिहून पुढे अकरा लक्षणं कॉमा देत लिहायची सवय सगळ्या डॉक्टरांना असते, सहाव्यापासून पुढची सगळी 'आहेत' म्हणून मोजली जातात, तेव्हा आपल्या नोट्स बघून ही पाच शब्दांची मर्यादा वाढवा आणि 'बट' किंवा फुलस्टॉप आला की थांबवा. आणि कृपा करून नकाराच्या नोंदी इंडेक्समधून उडवू नका. खूण लावा, रंग बदला, डिफॉल्टने लपवा हवं तर. कारण उद्या कुणीतरी 'नो एव्हिडन्स ऑफ रिकरन्स', म्हणजे आजार परत आल्याची खूण नाही, हे शोधायला येणार आहे, आणि त्याचा तर अख्खा अभ्यासच त्या नकारावर उभा आहे.

प्रश्न: एकाच पेशंटचे दीडशे-दोनशे रिझल्ट येतात, सगळे सारखेच. सर्च बिघडलाय का?

सर्च ठीक आहे, कॉपी-पेस्ट चालू आहे. कालची नोट उचलायची, आजची तारीख टाकायची, दोन आकडे बदलायचे, सही. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉस्पिटलातल्या रोजच्या नोट्स तपासून एक अभ्यास छापला गेला, त्यात हाताने टाइप केलेला मजकूर निघाला १८ टक्के, ४६ टक्के आधीच्या नोटमधून कॉपी केलेला आणि ३६ टक्के सिस्टीममधून आपोआप ओढलेला. म्हणून दोन गोष्टी करा. मोजणी नेहमी पेशंटवर करा, नोटवर नाही, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात पेशंटचा आकडा दाखवा आणि नोटचा खाली बारीक. आणि प्रत्येक पेशंटमध्ये तो शब्द पहिल्यांदा कधी आला ती तारीख आधी दाखवा, कारण खरं लिखाण बहुतेक वेळा तिथेच असतं, पुढचे सगळे प्रतिध्वनी. 'आज ताप' हे वाक्य नऊ दिवस सलग कॉपी झालेलं असतं आणि ताप दुसऱ्या दिवशीच उतरलेला असतो, तापाच्या चार्टशी ताडून बघितलं की लगेच कळतं.

प्रश्न: मी पीएचडी करते. किती पेशंट सापडले ते मला सांगता येतं, पण परीक्षक विचारणार की किती निसटले, तर ते कसं सांगायचं? जे दिसलंच नाही ते मोजणार कसं?

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि खरं सांगायचं तर नेहमीचा सर्च आणि संशोधनाचा सर्च यातला सगळा फरक याच्यातच आहे. नेटवर आपण काही शोधतो तेव्हा पहिल्या पाचात एक बरं मिळालं की काम झालं, उरलेल्या हजारांचं काय झालं कुणाला पडलेलं नसतं. संशोधनात मात्र यादी पूर्ण हवी, कारण जे निसटले ते योगायोगाने निसटत नाहीत. जो डॉक्टर वेगळे शब्द वापरतो त्याचे सगळेच पेशंट निसटतात, ज्या वॉर्डात नोटचा साचा वेगळा तो अख्खा वॉर्ड निसटतो.

आणि आपल्याला सगळं सापडलं हा भास फार जोरदार असतो. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या दोघांनी एक अभ्यास छापला होता, मेडिकल नाही, कोर्टाच्या खटल्याच्या कागदपत्रांवरचा, पण या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा. ४०,००० च्या आसपास कागदपत्रं, साडेतीन लाख पानं, आणि वकिलांनी सांगितलेलं की आम्हाला कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के मिळायला हवेत. शोधत राहिले, समाधान होईपर्यंत, आणि ते मिळाले असं त्यांनी मानलं. प्रत्यक्षात मोजलं तर मिळालेले निघाले साधारण २० टक्के. अनुभवी माणसं, स्वतःच्याच खटल्याचे कागद, तरी हे. कारण ज्या घटनेला हे 'ॲक्सिडेंट' म्हणत होते तिला त्यात गुंतलेली माणसं आपल्या कागदांत 'ती दुर्दैवी परिस्थिती' वगैरे म्हणत होती. डॉक्टर काय वेगळे असतात?

आता मोजायचं कसं. जे सापडले त्यांतून काही रँडम उचलून दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचायचे, एकमेकांशी न बोलता, आणि त्यांचं किती जुळतं ते कोहेनचा कप्पा नावाच्या आकड्याने सांगायचं. जुळत नसेल तर दोष सर्चमध्ये शोधायच्या आधी तुमच्या व्याख्येत शोधा, 'जुना खोकला' म्हणजे किती दिवसांचा हेच दोघांचं वेगळं असतं. हे झालं सापडलेल्यांचं. न सापडलेल्यांतूनही रँडम उचलून वाचावे लागतात, हे काम कुणालाच आवडत नाही कारण दिवसभर वाचून हाती काही लागत नाही.

आणि इथे एक सापळा आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ते सगळा भात सारखा शिजलाय म्हणून चालतं, विरळ आजाराला ते चालत नाही. समजा न सापडलेल्या पेशंटचा ढीग १,००,००० चा आहे. तुम्ही त्यातले ३०० रँडम वाचले, एकही कामाचा निघाला नाही. छान वाटतं ना? पण संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक आहे, काहीच सापडलं नाही तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण ३ भागिले वाचलेली संख्या. इथे ३ भागिले ३००, म्हणजे १ टक्का. एक लाखाचा एक टक्का म्हणजे १,०००. तुम्हाला सर्चने ५०० खरे पेशंट दिले असतील तर बाहेर अजून हजार असू शकतात, म्हणजे वाईटात वाईट तुम्ही तिसराच हिस्सा पकडलाय! तीनशे शून्यांवर विसंबून 'आमच्या सर्चची सेन्सिटिव्हिटी १०० टक्के' असं लिहिलेले ड्राफ्ट मी वाचलेत, परीक्षक झोपलेला असेल तरच ते सुटतं.

यातून वाट आहे. रँडम सगळीकडून उचलू नका, जिथे निसटलेले असायची शक्यता जास्त तिथून जास्त उचला. त्या आजाराचं औषध चालू आहे पण मजकुरात आजाराचं नाव नाही, लॅबचा रिपोर्ट ओरडून सांगतोय पण सर्चला काही लागलेलं नाही, कोड पडलाय पण शब्द नाहीत, असे गट वेगळे काढा आणि ते बारकाईने वाचा. यात दुहेरी फायदा आहे, निसटलेले मोजले जातात आणि नवे शब्दही मिळतात, एखाद्या युनिटमध्ये तो आजार कुठल्या शॉर्टफॉर्मने लिहितात, औषधाच्या नावाची स्पेलिंग किती प्रकारे चुकवतात, हे कुठल्याही डिक्शनरीत नसतं. ते शब्द यादीत घाला, परत शोधा, परत वाचा. मात्र शेवटचा आकडा काढायला आधी न वाचलेले, ताजे पेशंट घ्या, नाहीतर ज्या पेपरवरून अभ्यास केला त्याच पेपरवर परीक्षा दिल्यासारखं होईल. आणि गटांतून कमी-जास्त उचललं असेल तर हिशोबात त्याचं वजन धरायला विसरू नका, इथे संख्याशास्त्रवाल्या माणसाला सोबत घ्याच.

प्रश्न: आमच्याकडे जुने केस पेपर हाताने लिहिलेले आणि स्कॅन केलेले आहेत. त्यात शोधता येईल?

छापील किंवा टाइप केलेलं असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, वापरून बऱ्यापैकी येईल. डॉक्टरांच्या हस्ताक्षरावर संशोधनाची यादी उभी करू नका, निदान वाचून तपासल्याशिवाय तरी नाही. आणि जे शोधता येत नाही तेवढे पेशंट किती आहेत हे आकड्यात लिहा, नाहीतर ज्यांच्यात सर्चला शोधायलाच काही नव्हतं तेही 'आजार नसलेले' म्हणून मोजले जातात.

प्रश्न: एथिक्स कमिटीने आमचं प्रोजेक्ट अडवलंय. नावं, फोन नंबर सगळं काढून टाकणार असं लिहून दिलंय तरी ऐकत नाहीत. हे अति नाही का?

नाही, आणि रागावू नका पण यात मी कमिटीच्या बाजूने आहे. रकान्यातलं नाव काढणं सोपं, मजकुरातलं काढणं अवघड. अमेरिकेच्या हिपा या पेशंटच्या गोपनीयतेच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या गोष्टी काढायला सांगितल्यात, नाव आणि फोन नंबर हे त्यातले दोनच, बाकी तारखा, पत्त्याचे भाग, फोटो असं बरंच आहे. आणि नोटमध्ये लिहिलेलं असतं, 'पेशंट अमक्या शाळेचा मुख्याध्यापक, गेल्या महिन्यात त्याच्या बस अपघाताची बातमी आली होती'. यात नावही नाही, नंबरही नाही, आणि गावातल्या पोरालाही कळेल कोण ते.

उलटी गंमत पण होते. नावं पुसणारं सॉफ्टवेअर जोरात लावलं की ते पार्किन्सन पुसतं, हॉजकिन पुसतं, बेल्स पाल्सीतला बेल पुसतं, कारण ती माणसांचीच नावं आहेत. मग न्यूरॉलॉजीवाले विचारतात आमचे पेशंट कुठे गेले! म्हणून पुसायच्या आधीच्या आणि नंतरच्या मजकुरात आजारांची संख्या ताडून बघायची.

तारखांसाठी चांगला उपाय म्हणजे सरकवणं. बोस्टनच्या एका हॉस्पिटलातल्या आयसीयूच्या नोंदींचा मिमिक नावाचा संग्रह एमआयटीच्या लोकांनी संशोधकांसाठी खुला केलाय, त्यात प्रत्येक पेशंटच्या तारखा पुढच्या शतकात सरकवल्यात, पण एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच अंतराने, त्यामुळे ऑपरेशननंतर कितव्या दिवशी ताप आला हे तसंच राहतं. आणि एवढं करूनही तो कुणालाही सरसकट मिळत नाही, आधी ट्रेनिंग आणि करारावर सही. लंडनच्या साउथ लंडन अँड मॉड्स्ली या सरकारी आरोग्यसंस्थेत मानसिक आजारांच्या नोंदींसाठी क्रिस नावाची व्यवस्था आहे, तिथे कुठल्या संशोधनाला परवानगी द्यायची हे बघणाऱ्या समितीचं नेतृत्व पेशंटकडे असतं, आणि ज्याला नको तो आपली नोंद बाहेर काढू शकतो. कमिटीला हे दाखवा, आपण काय करणार तेही सांगा, नुसतं 'नावं काढू' म्हणू नका.

सॉफ्टवेअरकडूनही काही गोष्टी हव्यात. कुणी काय शोधलं, कधी, किती नोट्स उघडल्या याचा लॉग, जो खुद्द ॲडमिनलाही पुसता येणार नाही. पहिल्या पायरीला फक्त आकडा, नोट उघडायला वेगळी परवानगी. आकडा फार लहान असेल तर 'दहापेक्षा कमी' एवढंच दाखवणं, नाहीतर वय, आजार, वॉर्ड असे फिल्टर लावत लावत शेजारच्या माणसापर्यंत पोचता येतं. आणि एक्सपोर्टचं बटण. माझं चाललं तर ते बटणच काढून टाकीन, कारण सगळी सुरक्षा करून शेवटी अख्खा डेटा कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'फायनल_फायनल२' नावाच्या एक्सेलमध्ये जाऊन बसतो.

प्रश्न: एवढं सगळं कशाला? आता एआय आहे ना. नोट्स त्याला द्यायच्या आणि विचारायचं.

कुठल्या एआयला आणि कुणाच्या सर्व्हरवर, आधी ते सांगा. नोट्स संस्थेच्या बाहेर जाणार असतील तर वरचं उत्तर परत वाचा.

संस्थेच्या आत मॉडेल चालवत असाल तर उपयोग नक्की आहे, मी नाही म्हणत नाही. शब्दांची यादी वाढवायला, एकाच आजाराची वेगवेगळी लिहिण्याची तऱ्हा सुचवायला, सापडलेल्या नोट्स वाचून आधी कुठल्या बघाव्यात हे लावून द्यायला ते छान आहे. पण अर्थावरून शोधणारा जो सर्च आहे, मजकुराचे आकड्यांत वेक्टर करून जवळचे शोधणारा, त्यात 'ताप आहे' आणि 'ताप नाही' बऱ्याचदा जवळजवळच बसतात, कारण विषय दोन्हीत तापच. शिवाय तो सर्च 'काही नाही' असं कधी म्हणत नाही, जवळातलं जवळचं काहीतरी देतोच, आणि रेषा कुठे मारायची हे तुम्हाला ठरवावं लागतं. अभ्यासाला तर आत की बाहेर असं स्पष्ट हवं. म्हणून मॉडेलने 'हो' म्हटलं तर नोटमधली नेमकी ओळ दाखवलीच पाहिजे, ओळ नसेल तर उत्तर मोजायचं नाही. मॉडेलची आवृत्ती गोठवा, प्रश्नाचा मजकूर जपून ठेवा, आणि त्याचीही तीच परीक्षा घ्या जी वर पीएचडीवाल्या मुलीला सांगितली, न सापडलेल्यांसकट.

प्रश्न: पेपरमध्ये मेथड्समध्ये 'नोट्स की-वर्डने शोधल्या' एवढं पुरेल का?

अजिबात नाही. रोजच्या हॉस्पिटल नोंदींवरच्या संशोधनासाठी रेकॉर्ड नावाची मार्गदर्शक यादी २०१५ मध्ये छापली गेलीय, पेशंट निवडायला जे कोड आणि नियम वापरले ते पूर्ण द्या असं ती सांगते, मजकुराच्या सर्चलाही तेच लावा. शब्दांची अख्खी यादी, चुकीच्या स्पेलिंगसकट. कुठल्या प्रकारच्या नोट्स, कुठल्या तारखांमधल्या. नकार कसा हाताळला. किती माणसांनी वाचलं, कप्पा किती. आणि इंडेक्स कुठल्या तारखेचा होता ते लिहायला सगळे विसरतात, उशिरा आलेले पॅथॉलॉजी रिपोर्ट नंतर जोडले जातात, मग तोच सर्च सहा महिन्यांनी चालवला की आकडा बदलतो आणि रिव्ह्यूअरला उत्तर देता देता नाकी नऊ येतात. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगून सर्च सेव्ह केल्याबरोबर ती तारीख आणि त्या वेळचा आकडा आपोआप सोबत साठेल अशी सोय आत्ताच करून घ्या.